भाड्याच्या घरात ढेकूण : पेस्ट कंट्रोलचा खर्च कुणी करायचा?

पुण्यात ११ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी) राहतोय, दीड महिना झाला. दिवाण घरमालकांचाच आहे. त्याच्या फळ्यांच्या सांध्यांत काळे ठिपके आणि पांढरी अंडी दिसतात, फोटो काढून ठेवलेत. गादी उन्हात टाकली, चादरी उकळत्या पाण्यात धुतल्या, एकदा स्वखर्चाने फवारणीही केली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मुलीच्या हातावर रांगेने गांधी उठतात, बघवत नाही. घरमालक काका म्हणतात, "तुमच्याच सामानातून आले." करारात 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची' एवढंच आहे. शाळा जवळ, त्यामुळे घर सोडायचं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा सुस्थितीत ठेवणं मालकावर असतं. ते आमच्यासारख्या करारालाही लागू होतं का, आणि दुसऱ्या फवारणीचे पैसे भाड्यातून वळते करता येतील का?