वाचनालयाच्या थ्रीडी व्ह्यूंसाठी कोणती चित्रशैली निवडावी?

कौलारू:
नमस्कार. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयाचा आराखडा आमच्या छोट्या कार्यालयाकडे आला आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, दक्षिणेला आठ फूट खोल पडवी आणि मधोमध उघडा चौक एवढे निश्चित झाले आहे. छपराचा सांगाडा लाकडी की लोखंडी, खिडक्यांची मापे आणि पडवीची फरशी मात्र अजून ठरायची आहे. हा आराखडा आधी ग्रामसभेपुढे मांडायचा आहे आणि नंतर मुंबईतील देणगीदारांना पाठवायचा आहे. व्ही-रे या चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब छायाचित्रासारखे व्ह्यू करावेत असे माझ्या सहकाऱ्याला वाटते, तर मला रेघांचे चित्र आणि त्यावर जलरंगांचा हलका हात योग्य वाटतो. कोलाजचा, म्हणजे कापलेली चित्रे जोडून केलेल्या चित्राचाही विचार मनात आहे. आपल्यापैकी जे हे काम नेहमी करतात, ते शैली कशाच्या आधारे निवडतात?

ओळंबा:
काय ठरले आहे आणि काय ठरायचे आहे, याची जी यादी आपण प्रश्नातच दिली आहे, तिच्यावरूनच मी शैली निवडेन. छायाचित्रासारख्या व्ह्यूमध्ये कोणतीही जागा कोरी ठेवता येत नाही. फरशी ठरली नसली तरी काहीतरी फरशी दाखवावीच लागते, आणि मग सभेत चर्चा तिच्या रंगावर होते. चौक कुठे असावा, किती मोठा असावा हा मूळ विषय बाजूला पडतो. शिवाय एकदा दाखवलेली फरशी लोक ठरलेलीच धरून चालतात.

अमेरिकेतील वास्तुचित्रकार ह्यू फेरिस यांची कोळशाची रेखाटने या दृष्टीने अवश्य पाहावीत. न्यूयॉर्कच्या १९१६ च्या नियमांनी उंच इमारतींना वर जाताना टप्प्याटप्प्याने मागे सरकण्याचे बंधन घातले. त्या नियमांत किती आणि कसे आकारमान बसू शकते, हे फेरिस यांनी १९२२ मध्ये चार पायऱ्यांच्या चित्रांतून दाखवले. सुरुवातीच्या पायरीत खिडकी नाही, दगड-विटांचा तपशील नाही, केवळ प्रकाशात उभा असलेला घनाकार आहे, कारण त्या वेळी प्रश्न तेवढाच होता. आपल्या ग्रामसभेसाठी मी रंग-साहित्य न दाखवणाऱ्या पांढऱ्या मॉडेलचा एक व्ह्यू आणि चौकातून कापलेला, आत दूरवरचे दाखवणारा एक सेक्शन (उभा छेद) एवढेच नेईन. त्या सेक्शनवर आपला जलरंगही शोभेल.

पन्हळ:
ओळंबा यांचे म्हणणे मला बहुतांशी मान्य आहे, परंतु हुबेहूब चित्रणावर सरसकट अविश्वास दाखवणे मला पटत नाही. अशा व्ह्यूंमध्ये खोटेपणा शिरतो तो बहुधा प्रकाशातून, आणि तो आपल्याला टाळता येतो. स्केचअप या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये जागा बदलली नाही, तर सूर्य अमेरिकेतील बोल्डर या गावाचा, म्हणजे सुमारे ४० अक्षांशावरचा राहतो. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही तेथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर असतो, तर सिंधुदुर्गात, सुमारे १६ अक्षांशावर, तो ५० अंशांच्या आसपास असतो. आपल्या पडवीची वळचण सात फुटांवर आहे असे धरले, तर बोल्डरचे ऊन पडवी ओलांडून वाचनकक्षात पाच-सहा फूट आत येते. प्रत्यक्षात मात्र ते पडवीतच, वळचणीपासून सहा फुटांच्या आत संपते. टेबलांवर पसरलेल्या त्या सोनेरी उन्हावर देणगीदार प्रसन्न होतील, पण त्या वाचनालयात भर दुपारी ते ऊन कधीच उतरणार नाही. जूनमध्ये तर मध्यान्हीचा सूर्य आपल्याकडे किंचित उत्तरेला झुकलेला असतो, आणि सॉफ्टवेअरच्या तयार मांडणीत हे कोणी तपासतही नाही.

म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी की, एक व्ह्यू जुलैचा करावा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या प्रदेशातील इमारत केवळ निळ्या आकाशाखाली दाखवणे हा तिच्यावर अन्याय आहे. सावल्या नसलेला करडा उजेड, भिजून गडद झालेला चिरा, जोत्यावरचे शेवाळ, वळचणीवरून गळणाऱ्या पागोळ्या आणि त्यांच्या आत कोरडी राहिलेली पडवी दिसली, म्हणजे पडवी आठ फुटांची का, याचे उत्तर चित्रच देईल. सॉफ्टवेअरच्या संग्रहातील मेपल आणि बर्च काढून फणस, रातांबा आणि पोफळी घालाव्यात. या झाडांची चांगली मॉडेल सहजी मिळत नाहीत; अशा वेळी जागेवर काढलेल्या छायाचित्रांतून झाडे कापून वापरणे अधिक चांगले.

रंगशलाका:
कोलाजचा विचार या इमारतीपुरता सोडून द्यावा असे मला वाटते. वास्तुविशारद मीस व्हान डेर रोह यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला लहान शहरासाठी कल्पिलेल्या संग्रहालयाच्या कोलाजमध्ये पिकासोचे ‘गेर्निका’ स्वतंत्र भिंतीसारखे उभे केले होते. ते परिणामकारक ठरले, कारण त्या संकल्पनेत बंदिस्त भिंती जवळजवळ नव्हत्याच आणि चित्रे व शिल्पेच अवकाश घडवत होती. आपल्या वाचनालयाचा सारा भाव चिऱ्याच्या जाडीत आणि छपराच्या भारदस्तपणात आहे, आणि कागदी कापणांच्या सपाटपणात नेमका तोच हरवेल.

त्याऐवजी वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादच्या ‘संगाथ’ या आपल्या कार्यालयासाठी करवून घेतलेली लघुचित्रशैलीतील चित्रे पाहावीत. त्यांत नजरेचा एकच बिंदू नाही. नकाशा, दर्शनी बाजू, झाडे, पाणी आणि माणसांचे व्यवहार एकाच पृष्ठावर नांदतात. चौकात सकाळी वर्तमानपत्र वाचणारे ज्येष्ठ, दुपारी शाळेतील मुले आणि संध्याकाळी व्याख्यान हे एकाच चित्रात दाखवता येईल, जे कोणत्याही कॅमेऱ्याला जमणार नाही.

कौलारू:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते: देणगीदारांना निराळ्या शैलीची चित्रे पाठवली, तर दोन्ही संचांत विसंगती दिसणार नाही का?

ओळंबा:
मॉडेल एकच आणि दृष्टिबिंदू तेच ठेवले, तर दिसणार नाही. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे सुमारे पाच फुटांवर ठेवावा, उभ्या रेषा उभ्याच राहू द्याव्यात आणि लहान चौक प्रशस्त भासावा म्हणून अतिविस्तृत लेन्स वापरू नये. ग्रामसभेत सांगाडा आणि फरशी ठरल्यानंतरच पन्हळ यांनी सुचवलेला जुलैचा व्ह्यू करावा आणि तो देणगीदारांना पाठवावा.