मदत हवी आहे: तीन हौशी नाट्यग्रुप, जिनिंगचं एक बंद गोदाम, कागद कसा करावा?

नमस्कार मंडळी,

जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, नाव मुद्दाम टाकत नाही कारण बोलणी चालू आहेत आणि आमच्याकडे बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. गावात तीन हौशी ग्रुप. एक शिक्षक आणि बँकवाल्यांचा जुना, राज्य नाट्य स्पर्धेत जळगाव केंद्रावर नाटक करणारा. दुसरा कॉलेजच्या पोरांचा, विद्यापीठाचा युवारंग (युवक महोत्सव) संपला की जी पोरं सैरभैर होतात त्यांनी काढलेला. तिसरा आमचा, बालनाट्य आणि अहिराणी एकांकिका. तिघांचं आपसात फार गोड आहे असं नाही, पण गरज आता एकच झालीय, कायमची जागा.

नाट्यगृह नकोय हे आधीच सांगतो, कारण विषय काढला की लोक डायरेक्ट हजार खुर्च्या आणि एसीवर जातात. प्रयोगाला जळगावात संभाजीराजे नाट्यगृह आहे, धुळ्यात शाहू नाट्यमंदिर आहे. आम्हाला तालीम करता येईल, सेट ठेवता येईल, छोट्या प्रयोगाला शंभरेक माणसं बसतील, बायकांसाठी धड संडास असेल आणि रात्री आपल्या हाताने कुलूप लावता येईल एवढंच पाहिजे. सध्या शाळेचा हॉल मिळतो पण परीक्षा आल्या की बंद, मग मंगल कार्यालय, तर लग्नसराईत तेही बंद. सेटच्या भिंती म्हणजे फ्लॅट एकाच्या खळ्यात, उंचवट्याचे चौथरे म्हणजे लेव्हल दुसऱ्याच्या गोठ्यात, पावसाळ्यानंतर प्लायवूड फुगलेलं. आणि नवीन मुलीच्या घरचे विचारतात तालीम कुठे असते, तर आमचं उत्तर दर आठवड्याला वेगळं, मग ती येतच नाही. बायका मिळत नाहीत म्हणून सगळे रडतात, माझ्या मते त्याचं अर्धं कारण हे आहे.

आता एका शेठकडे कापसाचं जुनं गोदाम आहे, जिनिंग (सरकी काढायचा कारखाना) कधीच बंद पडली. वर छपराला लोखंडी कैच्या (त्रिकोणी सांगाडे), मधे एकही खांब नाही, उंची भरपूर, बघितल्या बघितल्या आमचा लाइटवाला वर बघत उभाच राहिला. शेठ नाटकवेडे, भाडं नावापुरतं. पण कागद ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी. जास्त मुदतीचं काढलं की म्हणतात, "ऱ्हा ना भो, कोन काढी ऱ्हायनं तुमले!" ते आहेत तोवर खरंच कोणी काढणार नाही. पण मुलं पुण्यात, त्यांना नाटकाशी घेणंदेणं नाही, आणि त्या बाजूला प्लॉट पडायला लागलेत. इकडे खर्च मोठा, पत्र्याखाली मे महिन्यात आमच्या ४४-४५ डिग्रीत उभं राहता येत नाही, पाऊस आला की संवाद ऐकू येत नाही, म्हणजे पत्र्याला आतून काहीतरी लावणं आलं, थ्री फेज मीटर, वायरिंग, संडास. एवढं परक्याच्या जागेत घालायचं का?

दुसरा पर्याय जुन्या वाचनालयाच्या मागची मोकळी जागा. ट्रस्ट आहे, विश्वस्त तयार आहेत, पण तिथे पायापासून बांधावं लागेल. नगरपालिकेच्या बंद शाळेचं आश्वासन प्रत्येक निवडणुकीत मिळतं, ते धरत नाही.

कोणी असं केलंय का? कागद कोणाच्या नावाने करावा? आते काय करानं?

प्रतिसाद:
भाऊ, आधी तिघांची मिळून एक संस्था काढा. किमान ७ सभासद लागतात, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी, दोन्ही धर्मादाय कार्यालयातच होतं. पुढे आयकर खात्याची करसवलतीची नोंदणी (जिला १२ए, ८०जी म्हणतात) घेतलीत तरच सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणाऱ्या कंपन्या, दारात उभं करतील. एका ग्रुपच्या नावावर जागा घेतलीत तर दोन वर्षांत बाकीचे दोन भाडेकरू होतील, लिहून ठेवा.

शेठकडून लीव्ह अँड लायसन्स नको, रजिस्टर्ड भाडेपट्टा घ्या. उद्या जागा विकली तर लायसन्स नव्या मालकावर बंधनकारक नसतं, भाडेपट्टा असतो. मुदत वाढली तशी स्टॅम्प ड्यूटी वाढते, पण ती भरा. जागा वडिलोपार्जित असेल तर मुलांच्या सह्या आत्ताच घ्या, शेठ खुशीत आहेत तोवर. वाचनालयाचं म्हणाल तर ट्रस्टची जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायला त्याच विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, म्हणजे वेळ जाईल, पण टिकेल. मुंबईत छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकांची एवढी मोठी चळवळ झाली, पण हॉल शाळेचा होता, शेवटी तिथून उठावंच लागलं. सांगलीचं भावे नाट्यमंदिर बघा, नाट्य विद्यामंदिर समितीचं स्वतःचं आहे.

आणि पत्र्याला हात लावायच्या आधी गोदामाचा वापर बदलायला काय लागतं ते विचारा, शंभर माणसं बसवणार म्हणजे फायरची एनओसी पण आलीच.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा, जागा विकली तर लायसन्स बंधनकारक नसतं हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं, वकील सभासद आहे तरी! संस्थेचं आज तिन्ही ग्रुपवर टाकलं तर पहिला प्रश्न आला अध्यक्ष कोण. म्हणून अजून एक विचारतो, अध्यक्षपद दरवर्षी ग्रुपप्रमाणे फिरतं असं घटनेत लिहिता येतं का? कोणाकडे अशा संस्थेच्या घटनेचा नमुना असेल तर प्लीज टाका. आणि पत्र्याखाली कमी खर्चात गारवा कसा आणला तेही कोणी केलं असेल तर सांगा, शेठच्या मुलांना भेटायला पुण्याला जायच्या आधी खर्चाचा अंदाज हातात हवा.