वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी एका दिवसात: गरम पाण्याच्या कुंडात किती वेळ बसायचं?

पाटीपेन्सिल
येत्या मंगळवारी कॉलेजला सुट्टी आहे. मैत्रीण आणि मी, दोघीच, अंधेरीहून निघून सातपर्यंत घरी परत यायचंय. गाडी नाही. लोकल-एसटीने जमेल का? कुंडात किती वेळ बसायचं, कपडे काय न्यायचे? आणि तिथे जमिनीखाली ज्वालामुखी आहे म्हणतात, ते खरं का?

तानसाकाठ
जमेल. सकाळी विरारकडे आणि संध्याकाळी विरारहून, दोन्ही वेळा तुम्ही गर्दीच्या उलट जाणार, त्यामुळे बसायला मिळेल. विरारहून एसटी शिरसाड फाट्यावरून अंबाडी रस्त्याला लागते. ती चुकली तर रिक्षाने फाटा गाठा आणि तिथे अंबाडीकडची गाडी धरा. उतरताना कंडक्टरला परतीच्या वेळा विचारा. बहुतेकांचा दिवस तिथेच फसतो.

मंगळवार देवीचा वार, म्हणजे दिवस चढेल तशी वज्रेश्वरीच्या देवळात रांग. तरी आधी अकलोलीची कुंडं उरका. सकाळी पाणी स्वच्छ असतं, दुपारपर्यंत तेलसाबणाचा तवंग येतो. मग गणेशपुरीला भीमेश्वर आणि नित्यानंद समाधी मंदिर. तिन्ही गावं दोन-तीन किलोमीटरच्या आत आहेत. वज्रेश्वरीचं देऊळ शेवटी. ५२ पायऱ्या आहेत, न्हाऊन लगेच चढू नका. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस केला आणि १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तो फेडला, ते हेच देऊळ.

पावसाळ्यात नदीकाठच्या कुंडांच्या नादी लागू नका. तानसा चढली की ती पाण्याखाली जातात.

गरमपाणी
सगळी कुंडं सारखी तापत नाहीत. अंगाला ४० ते ४२ अंश सोसतं. ५० अंशांच्या पाण्यात पाच-दहा मिनिटांत कातडी भाजू शकते. तळहाताने अंदाज घेऊ नका, तिथली कातडी जाड असते. मनगटाची आतली बाजू बुडवा. चटका बसला तर ते कुंड सोडा, लोक बसलेत म्हणून बसू नका.

आधी पाय, मग गुडघे, मग कमरेपर्यंत. दहा मिनिटं झाली की बाहेर, थोडं पाणी प्यायचं, मग हवं तर पुन्हा दहा मिनिटं. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, आणि झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. काठाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, त्यामुळे नेमकं तिथेच पडायला होतं. उपाशीपोटी नको, भरपेट जेवूनही नको.

डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट-गरम गोड्या पाण्यात वाढणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. फार क्वचित होतं, पण झालं तर बहुधा जीवावरच. अंगावर उघडी जखम असेल तर फक्त काठावर बसा.

कपडे: सुती कुर्ता किंवा टी-शर्ट, लेगिंग. जीन्स भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. कोरडा जोड, पंचा, ओल्या कपड्यांना पिशवी. आडोसा हवा असेल तर पैसे देऊन बंद न्हाणीत गरम पाणी मिळतं. सगळ्यांबरोबर कुंडात उतरण्यापेक्षा दोघींना तेच बरं.

काळापत्थर
ज्वालामुखी नाही. इथला काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो केव्हाच निवला. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, पृथ्वीच्या आतल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणात असे झरे रांगेने आहेत, उन्हवरे आणि तुरळ त्याच रांगेतले. गावात विचाराल तर देवीने मारलेल्या दैत्यांचं हे रक्त असं सांगतील. ज्वालामुखीपेक्षा ती गोष्ट ऐकायला कितीतरी चांगली.

पाटीपेन्सिल
आभार! पैंजण चांदीचे आहेत, काढावे लागतील का?

गरमपाणी
काढून पर्समध्ये ठेवा. वास येतो तो गंधकाच्या वायूचा, त्याने चांदीवर काळा थर बसतो. झालेच काळे तर टूथपेस्टने घासू नका, ओरखडे येतात. भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरून वर पैंजण ठेवा, चमचाभर खायचा सोडा टाका आणि उकळतं पाणी ओता. पैंजण फॉइलला टेकलेले हवेत, नाहीतर काहीच होत नाही. खडे किंवा मीना असेल तर मात्र हे करू नका, सोनाराकडे द्या.