सैनिकाचं नाव पुढे करून डोंगर फोडू नका

निवृत्त_चालक
परवा 'हिमकडा' यांनी इथे लिहिलं की सीमेपासून १०० किलोमीटरच्या आत पर्यावरण मंजुरी हा प्रकारच बंद करावा, २०२३ च्या वनकायदा दुरुस्तीने सीमेजवळच्या रस्त्यांना दिलेली सूट अपुरी आहे, आणि 'जवान बर्फात उभा आहे नि हे लोक देवदार मोजत बसलेत'. दोन दिवस गप्प राहिलो. पण त्या वाक्यातला जवान मी होतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

लष्करात सतरा वर्षं गाडी चालवली, त्यातली पाच गढवालात. पावसाळ्यात ताफा निघाला की शेजारचा सोबती खिडकीतून मान बाहेर काढून सतत वर बघायचा, त्याला दुसरं काम नसे. आधी बॉनेटवर बारीक खडे पडतात, टप टप, हरभरे सांडल्यासारखे. ते ऐकू आलं की गाडी मागे घ्यायची, कारण पाठोपाठ धोंडे येतात. आमच्या वेळी अशा जागा ठरलेल्या होत्या, तोंडपाठ होत्या. गेल्या वर्षी बायकोला घेऊन बद्रीनाथला गेलो, तर नव्याने उभ्या कापलेल्या कड्यांखाली जागोजागी तेच. डोंगराचा पाय तोडला की वरचं खाली येणारच.

चारधाम रस्ता ८८९ किलोमीटरचा. त्याचे ५३ तुकडे केले आणि अख्ख्या रस्त्याच्या पर्यावरणावरच्या परिणामाचा अभ्यास टळला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऋषिगंगेला लोंढा आला, रैणीचा पूल वाहून गेला आणि नीती खोऱ्यातल्या सीमेकडे जाणारी वाट जवळपास महिनाभर तुटली. हीच रैणी, जिथे १९७४ मध्ये गौरादेवी आणि गावच्या बायका झाडांना बिलगल्या होत्या. तुटलेल्या रस्त्याने कुठली कुमक पोचणार?

सूट द्या, पण तपासणी काढून टाकू नका. फाइल गुप्त असेल तर लष्कर, भूगर्भतज्ज्ञ आणि वनखातं यांची कायमची समिती बंद दाराआड बसवा आणि ९० दिवसांत निकाल द्या. आधीचा उतार बांधून, पाण्याला वाट करून झाल्याशिवाय पुढचं कटिंग नको. राडारोडा नदीत गेला तर ठेकेदाराचं बिल अडवा.

हिमकडा
आपल्या सेवेबद्दल आदर आहे, पण माहिती अर्धी आहे. ऋषिगंगेचा लोंढा वरचा खडक आणि बर्फ कोसळून आला, रस्त्यामुळे नाही. १९६२ मध्ये आपले जवान पाठीवर ओझी घेऊन चढत होते. २०२० मध्ये गलवानला चीनशी झालेल्या झटापटीत २० जवान शहीद झाले, तेव्हा लडाखमधल्या दौलत बेग ओल्डी ठाण्याकडे जाणारा २५५ किलोमीटरचा रस्ता नुकता होत आला होता. चीन पठारावर सरळ रस्ते टाकतो, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने आधी चारधाम रस्त्याची रुंदी साडेपाच मीटर ठरवली होती. १४ डिसेंबर २०२१ ला लष्कराची गरज ऐकून त्याच न्यायालयाने दुपदरी रस्त्याला परवानगी दिली. ब्रह्मोसची ४२ फुटी वाहनं पायवाटेने नेणार का?

माझा चुलतभाऊ आत्ता तवांगकडे आहे. तीन वर्षं मंजुरीत गेलेला रस्ता त्याला चालणार नाही. राहिली झाडं, तर ती परत लावता येतात. कायद्यात भरपाई वनीकरण आहे, म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावायची.

माळावरची_ताई
'झाडं परत लावता येतात' हे वाचून राहवलं नाही. मी माण तालुक्यात शिक्षिका आहे, माहेर मेंढपाळाचं. भरपाईची झाडं कुठे लावतात ते बघायला या. ग्रेट निकोबार बेटाचं १३० चौरस किलोमीटर वर्षावन प्रकल्पासाठी वळवायचं आणि भरपाई हरियाणात. समुद्रकासवांच्या बेटावरचं जंगल हरियाणात कसं उगवणार?

आणि जिथे लावतात ती जागा रिकामी नसते. आमचं माळरान सरकारी कागदावर 'पडीक'. दर जूनमध्ये चुन्याच्या रेघा पडतात, फूट-दीड फुटाचे खड्डे, गिरिपुष्पाची रोपं, वर तारेचं कुंपण. आमच्या मेंढ्या गिरिपुष्पाला तोंड लावत नाहीत. कुंपणामुळे कुसळी-पवन्या गवतावर पाय ठेवता येत नाही. मार्चमध्ये रोपं वाळलेली, खड्डे तसेच. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं. हे मी चार वर्षं मुलांना घेऊन मोजलंय, वहीत नोंदी आहेत. वडिलांनी शेवटी निम्मी मेंढरं विकली.

गंगापूरकर
ताई, सगळीकडे असं नसतं, सरसकट लिहू नका. प्रादेशिक सेनेच्या इको बटालियनने १९८२ पासून मसुरीत चुनखडीच्या खाणींनी बोडके केलेले डोंगर पुन्हा हिरवे केले. आपल्या मराठवाड्यात इको महार बटालियनचे माजी सैनिक हेच काम करतात. त्यांनी लावलेली झाडं मी स्वतः बघितली आहेत, उन्हाळ्यात पाणी घालतात, आळी करतात. माझं तर म्हणणं आहे की प्रत्येक दुष्काळी जिल्ह्याला अशी एक बटालियन द्या. माजी सैनिकाला काम मिळतं, गावाला सावली मिळते. मेंढ्या मोकाट सोडल्या तर कुठलंच झाड जगत नाही, हेही लिहा की.

माळावरची_ताई
मेंढ्या मोकाट नसतात. मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या ठरल्या वाटेने फिरतो आणि शेतकरी त्याला धान्य देऊन रानात कळप बसवतो, कारण लेंडीखताला तोड नाही. दुष्काळाचं खापर आमच्या माथी मारू नका.

मसुरीला मूळचं जंगल होतं, खाणीने ते गेलं, तिथे झाडं लावणं बरोबरच. माळावर मुळात गवत होतं. लांडगा, काळवीट, माळढोक सगळे त्या गवताचे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं, तिथेही तो आता जवळपास संपला. माळावर झाड लावणं म्हणजे रक्षण नव्हे, आणि हे लष्कराने केलं तरी नव्हे!

गंगापूरकर
म्हणजे सैनिकांनी उन्हात राबून केलेलं कामसुद्धा चुकीचं? शब्द जपून वापरा.

माळावरची_ताई
माझा सख्खा मामा सैन्यात होता. जपूनच लिहिलंय. पुन्हा वाचा.

कातळसडा
दोघांनी थांबा जरा. ग्रेट निकोबारचा विषय निघालाय तर मला बोलायचंय. ते बेट मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहे, नाविक तळ हवाच. पण आयएनएस बाझ हा नौदलाचा तळ तिथे २०१२ पासून आहे. तो वाढवा, धावपट्टी लांबवा. त्यासोबत प्रकल्पातलं साडेतीन लाख वस्तीचं नगर कशासाठी? आज तिथे आठ-नऊ हजार माणसं राहतात. २००४ च्या भूकंपात इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून जास्त खचली, दीपगृहाच्या पायाशी समुद्र आला. तळ ही सुरक्षा. शहर हा धंदा. मंजुरी एकाच फाइलमध्ये मागितली.

आमच्या किनाऱ्याचंही तेच. २६ नोव्हेंबर २००८ ला दहशतवादी समुद्रातून आले. तेव्हापासून बैठकांत मच्छीमाराला 'देशाचे डोळे आणि कान' म्हणतात. मग खाडीतली कांदळवनं भरावाखाली घालून त्याला किनाऱ्यावरून का हुसकता? एलईडी दिवे लावून मासळीची पिल्लं ओरबाडणाऱ्या बोटींवर रात्री गस्त का दिसत नाही? माझ्या भावाने दोन वर्षांपूर्वी होडी विकली, आता पनवेलला रिक्षा चालवतो. एक जोडी डोळे कमी झाले.

निवृत्त_चालक
एलईडीचा वेगळा धागा काढा, मी येतो. पण तळ आणि नगर वेगळे करा हे शंभर टक्के. हिमकडा, ऋषिगंगेचं तुमचं म्हणणं खरं आहे, लोंढा वरून आला. पण तपोवनला नदीच्या तोंडावर जलविद्युत प्रकल्प होता म्हणून कामगार मेले. ५ ऑगस्ट २०२५ ला धरालीवर चिखल आला, जवळच्या हर्षिलच्या लष्करी तळावरचे जवानही बेपत्ता झाले. तळ कुठे बसवायचा, पूल किती उंच घ्यायचा, हे सांगणारा भूगर्भतज्ज्ञ शत्रूचा माणूस आहे का?

हिमकडा
नाही. आणि मी तसं म्हटलेलं नाही.

निकोबारचं नगर सुरक्षेत बसत नाही, हे मान्य करतो. उतार बांधल्याशिवाय पुढचं कटिंग नको, हेही मान्य, कारण बंद रस्ता माझ्या भावाच्याच वाट्याला येतो. पण ९० दिवस जास्त आहेत, ६० करा, आणि मुदतीत उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरा. कुणी बोगदे सुचवणार असेल तर सिलक्याराचा बोगदा आठवा, ४१ कामगार १७ दिवस आत अडकले होते. बोगद्यालाही तोच डोंगर लागतो.

ताईंसाठी एक गोष्ट. पोखरणच्या लष्करी सराव क्षेत्रात माळढोक अजून आहेत. तोफा चालतात, पण नांगर नाही, वस्ती नाही, झाडांची लागवड नाही, म्हणून गवत टिकलं. संरक्षण खात्याकडे देशभरात सुमारे १८ लाख एकर जमीन आहे. तिथल्या गवताळ पट्ट्यांना वनीकरणातून वगळावं आणि तशी नोंद कागदावर व्हावी, एवढं मी लिहून द्यायला तयार आहे. झाडं परत लावता येतात हे माझं वाक्य माळरानापुरतं मागे घेतो. बाकी मतं कायम आहेत.

गंगापूरकर
माळरान वगळा, ठीक. बटालियनची मागणी मी सोडत नाही.

माळावरची_ताई
सोडू नका. आमच्या ओढ्याच्या काठाला द्या, तिथली करंज-उंबर खरोखर तोडली गेली आहेत.

माळावर या आठवड्यात पुन्हा चुना पडलाय. शुक्रवारी ग्रामसभा आहे. हिमकडा, तुमचा पोखरणचा परिच्छेद मी ठरावाच्या अर्जात जसाच्या तसा घालते. हरकत असेल तर गुरुवारपर्यंत कळवा.