पिवळा लॅब मासा फिका पडलाय, पंख मिटून बसतो

प्रश्न: दादर, ३ फुटी टाकी, ६ लॅब. पालिकेचं पाणी, पीएच (आम्ल-अल्कली माप) ७. काय चुकतंय?

उत्तर: पाणीच. मुंबईचं पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी; लॅब आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला, तिथला पीएच ७.७ ते ८.६. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत कोरलचा (प्रवाळाचा) चुरा ठेवा, त्यानं पीएच हळूहळू चढतो; चिखल धरला की धुवा. पीएच एकदम चढवू नका, मासा धक्क्यानंच जातो. आठवड्याला पाव पाणी बदला, नव्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच.

उत्तर: ब्लडवर्म (लाल अळ्या) देत असाल तर आधी बंद करा! पोट फुगतं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबते; तिथून वाचवणं कठीण. स्पिरुलिनाचे (शेवाळाचे) दाणे द्या, दोन मिनिटांत संपतील एवढेच.

उत्तर: एखादी मादीच खात नसेल आणि हनुवटीखाली फुगली असेल तर औषध टाकू नका. तोंडात अंडी असतील, साधारण ३ आठवडे उपाशीच राहते.