गळावरच्या मासोळीवर झडप घालणारे पक्षी: उपजत प्रेरणा की शिकलेली सवय?

अंबाझरीकर (प्रश्न):
नागपूरच्या आसपासच्या तलावांवर रीतसर परवानगी काढून गळाने मासेमारी करणारे आम्ही काही जण आहोत. मरळीसाठी जिवंत मासोळी लावली की पाणकावळे नेमके तिथेच बुडी मारतात. अलीकडे एक पाणकावळा गळात अडकला. सोबतच्या एकाने घाबरून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कापला आणि पक्षी गळासकट उडून गेला. आमच्यातल्या ज्येष्ठ काकांच्या मते हे पक्षी माणूस ओळखून मुद्दाम त्रास देतात, म्हणून दगड मारून हुसकावण्यात गैर काही नाही. फ्लोरिडात राहणारे माझे मेहुणे तिथल्या धक्क्यांवरील पेलिकनांबद्दल हीच तक्रार करतात. ही उपजत प्रेरणा मानावी की सवय, आणि अडकलेल्या पक्ष्याचे काय करावे?

दुर्बीणवाला:
दोन्ही, पण वेगवेगळ्या टप्प्यांवर. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी हेरिंग कुरव या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांवर केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. आईबापांच्या पिवळ्या चोचीवरील लाल ठिपक्यावर पिल्ले टोचतात, तेव्हा त्यांना अन्न मिळते. परंतु पांढरे पट्टे असलेली बारीक लाल काडी समोर धरली असता पिल्लांनी हुबेहूब डोक्याच्या प्रतिकृतीपेक्षाही तिच्यावर अधिक टोचा मारल्या. म्हणजे उपजत प्रेरणा संपूर्ण वस्तू पारखत नाही, एखाद्या खुणेला प्रतिसाद देते. (टिनबर्गन यांना 1973 चे नोबेल कोनराड लोरेन्झ व कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत मिळाले.) गळाला लावलेली मासोळी एकाच जागी तडफडते, पळू शकत नाही, तिचे अंग चमकते, मासे खाऊन जगणाऱ्या पक्ष्याला याहून ठळक खूण कोणती मिळणार? आत लोखंड आहे, हे ओळखण्याची गरज त्याच्या पूर्वजांना कधी पडलीच नाही.

जागा आणि माणूस मात्र तो शिकतो. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, माणूस रोखून पाहत असताना हेरिंग कुरवांनी अन्नाजवळ यायला सरासरी 21 सेकंद अधिक घेतले. हा प्रयोग कुरवांवरचा असल्याने पाणकावळ्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, तरी काकांचे निरीक्षण अगदीच निराधार नाही, एवढे त्यावरून म्हणता येते. फक्त माणसाकडे लक्ष असणे निराळे आणि खोडी काढणे निराळे.

सेमिनरी हिल्स:
तंगूस कापणे हीच सर्वांत घातक गोष्ट आहे. लोंबणारा तंगूस झाडाच्या फांदीत गुंतला की पक्षी तिथेच उपाशी मरतो. संक्रांतीनंतर मांजाने नागपुरात जे घडते, तेच इथे घडते. त्याऐवजी पक्ष्याला सावकाश ओढून जाळीत घ्यावे, डोक्यावर कापड टाकावे, पंख अंगाशी धरावेत आणि आपला चेहरा दूर ठेवावा, कारण पाणकावळ्याच्या चोचीला टोकाशी आकडी असते. पाणकावळा व पेलिकन यांच्या बाह्य नाकपुड्या बंद असतात आणि ते तोंडाने श्वास घेतात, म्हणून चोच करकचून आवळू नये. गळ वरवर रुतला असेल, तर टोक पुढे ढकलून बाहेर काढावे, पकडीने अडक (टोकाजवळचा उलटा काटा) तोडावी आणि मग उरलेला गळ उलट दिशेने काढावा. गिळला असेल, तर मुळीच ओढू नये. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे किंवा पक्षी सेमिनरी हिल्स येथील ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये (वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात) न्यावा.

वाचक_धरमपेठ:
दगडांविषयी: वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत संरक्षित प्राण्याला जखमी करणेही येते, त्यामुळे काकांनी हा हट्ट सोडावा. मेहुण्यांना सांगा की फ्लोरिडातील स्कायवे धक्क्यावर पेलिकन गुंतण्याचे प्रकार वाढल्याने 2023 पासून हिवाळ्याच्या महिन्यांत एकाच दोरीवर अनेक गळ लावण्यास मनाई आहे. तिथे निर्बंध पक्ष्यांवर नाही, गळांवर आले.

अंबाझरीकर:
सर्वांचे आभार. काकांना 2019 चा प्रयोग आवडला, बाकीचे फारसे नाही. जिवंत मासोळीऐवजी गांडूळ लावले तर पाणकावळे कमी येतील का?

दुर्बीणवाला:
कमी येतील, कारण ते प्रामुख्याने माशांमागे असतात. पण मरळही कमी लागेल. मासोळीच लावायची असेल, तर पाणकावळे बुड्या मारत असताना गळ वर घ्यावा, ते सरकल्यावर पुन्हा टाकावा आणि बिनअडकीचा गळ वापरावा.