मदत हवी आहे : कंपनी बुडाली, एसएसडीची वॉरंटी तीन वर्षं शिल्लक. आता कोणाला धरायचं?

कृष्णाकाठ (रविवार, रात्री १०:४०)
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. संगणकातली एसएसडी (फाइली साठवायची ड्राइव्ह) शुक्रवारी रात्री अचानक गेली. पाच वर्षांची वॉरंटी आहे, दोनच झालीत. कंपनीचं संकेतस्थळ उघडत नाही, टोल फ्री नंबर लागत नाही. काल कऱ्हाडहून गाडी काढून पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला गेलो तर शटर बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, दोन महिने झाले बंद होऊन. दुकानदार म्हणतो, कंपनीच बुडाली, मी काय करू? वॉरंटी छापून दिली आहे ना? मग ती कोणाकडून वसूल करायची एवढंच सांगा. गुरुवारच्या आत काहीतरी व्हायला हवं.

ठोकळा
कोणती कंपनी, कोणतं मॉडेल? बिल आहे का? 'गेली' म्हणजे नक्की काय, विंडोजमध्ये दिसत नाही की बायोसमध्येही (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) नाही? आणि गुरुवारी काय आहे?

मनीषा_डोंबिवली
माझी हार्ड डिस्क अशीच गेली होती. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली, सकाळी चालू! निदान कॉपी करण्यापुरती चालली. करून बघा.

ठोकळा
ताई, हे कृपा करून सांगू नका. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते, तिथे कधीकाळी कोणाला जमलं असेल. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. बाहेर काढल्यावर दव धरेल ते वेगळंच.

कृष्णाकाठ
कंपनीचं नाव लिहीत नाही, दुकानदार गावातलाच आहे आणि रोज तोंड दाखवायचं आहे. १ टीबी, सॅटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची). जीएसटीचं पक्कं बिल आहे. बायोसमध्ये दिसते, पण कंपनीच्या नावाच्या जागी 'सॅटाफर्म एस११' असं काहीतरी येतंय. पण माझा प्रश्न वॉरंटीचा आहे, त्याचं कोणीच सांगत नाही.

सह्यवेडा
अहो, मग कशाला वॉरंटीच्या मागे लागताय! 'सॅटाफर्म एस११' म्हणजे आतल्या फायसन कंपनीच्या कंट्रोलरला (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला) स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे चालवायचा प्रोग्रॅम, वाचता येत नाहीये. फर्मवेअर पुन्हा चढवायचं साधन नेटवर मिळतं. मी अशा तीन ड्राइव्ह उठवल्यात, आजही चालू आहेत. दहा मिनिटांचं काम.

ठोकळा
थांबा, थांबा. सह्यवेडा, तुमच्या तीन ड्राइव्ह उठल्या, पण आतला डेटा राहिला का? फर्मवेअर नव्याने चढवलं की कोणती फाइल कुठल्या चिपवर कुठे ठेवली आहे याचा नकाशाच जातो. ड्राइव्ह चालते, पण कोरी. कृष्णाकाठ, आत काय आहे ते आधी सांगा.

सह्यवेडा
माझा डेटा नव्हताच त्यात. त्यांनी तरी कुठे डेटाचं विचारलंय? वॉरंटीचं विचारलंय.

कृष्णाकाठ
आत लग्नाचे फोटो आहेत. मी फोटोग्राफर. त्या आठवड्यात दोन लग्नं होती. एकाची प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे, दुसऱ्याची घेणार होतो तेवढ्यात हे झालं. नवरीचा भाऊ सैन्यात आहे, चार दिवसांच्या सुटीवर आला होता. कानपिळीला त्याने नवरदेवाचा कान असा पिळला की सगळा मांडव हसला, आणि लगेच त्याचेच डोळे भरून आले. तो क्षण मला मिळाला होता. तो परत ड्युटीवर गेला. गुरुवारी नवरीचे वडील अल्बमसाठी फोटो निवडायला येणार आहेत. त्यांना काय तोंड दाखवू?

फ्रीमाँटकर
वाचून वाईट वाटलं. वॉरंटीचं थोडं सांगतो, कारण इकडे कॅलिफोर्नियात हे जवळून पाहिलंय. सॅन होजेची ओसीझेड ही एसएसडीतली मोठी कंपनी. २०१३ च्या नोव्हेंबरअखेर तिने दिवाळखोरीत जात असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०१४ मध्ये तोशिबाने तिचा एसएसडीचा धंदा साडेतीन कोटी डॉलरला घेतला. लोकांना वाटलं, चला, आता तोशिबा बघेल. पण असा व्यवहार दिवाळखोरीच्या न्यायालयातून होतो तेव्हा घेणारा मालमत्ता घेतो, जुनी देणी आपोआप त्याच्या गळ्यात पडत नाहीत. तोशिबाने निवडक मॉडेलांची वॉरंटी पुढे चालवली, बाकीच्यांनी हात चोळले.

त्याआधीचं बीएफजी या कंपनीचं तर आणखी वाईट. एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं विकायचे, 'आजीवन वॉरंटी' देऊन. मे २०१० मध्ये त्यांनी ग्राफिक्स कार्डांचा धंदा सोडला, आणि ऑगस्टमध्ये दुरुस्तीला पाठवलेली कार्डं लोकांना जशीच्या तशी परत आली, सोबत कंपनी गुंडाळत असल्याचं पत्र. घेणारा कोणी नव्हता, त्यामुळे विचारायला कोणी उरलंच नाही. म्हणून आधी बघा, तुमच्या कंपनीचा धंदा कोणी विकत घेतलाय का. घेतला असेल तर त्यांनी कोणत्या मॉडेलांची जबाबदारी घेतली आहे ते शोधा.

आणि क्रेडिट कार्डाने घेतली असेल तर बँकेकडे तक्रार करा, इकडे पैसे परत मिळतात.

सह्यवेडा
दोन वर्षांनी? भारतात?

जुनाखोड
पूर्वी मुंबईत लॅमिंग्टन रोडला माल घेतला की दुकानदार स्वतः शब्द द्यायचा, त्याच्यापुढे कंपनी कोण विचारतो! नव्वदच्या दशकात तिथून मदरबोर्ड घेऊन लोकलने कल्याणला यायचो, मांडीवर धरून. बिघडला की त्याच्याच काउंटरवर नेऊन ठेवायचा. बाकी, आता नवी घेणार असाल तर एनव्हीएमईच (नव्या, वेगवान जोडणीची) घ्या, सॅटा कशाला?

आरती_वकील
धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नावर येते.

कंपनी भारतात नोंदलेली आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू असेल, तर २०१६ च्या कायद्यानुसार तिच्यावरचे दावे थांबतात, ग्राहक आयोगातलेही. तेव्हा या प्रक्रियेसाठी नेमलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाकडे मुदतीत दावा दाखल करावा लागतो. तो राहिला आणि कंपनी सावरण्याची योजना मंजूर झाली तर नंतर मागता येत नाही. पण खरं सांगते, तारणावर कर्ज देणाऱ्यांचं झाल्यावर तुमच्यापर्यंत रुपया येण्याची आशा धरू नका. कंपनी परदेशी असेल तर हा रस्ता बहुधा नाहीच.

म्हणून खोकं शोधा. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तो बुडालेल्या कंपनीहून वेगळा असू शकतो. लेखी तक्रार त्याला आणि दुकानदाराला, दोघांनाही द्या. ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, पुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून.

सह्यवेडा
पण ते धंदा करतात. व्यापारी वापर असेल तर ग्राहकच नाही धरत ना?

आरती_वकील
पोटापाण्यासाठी स्वतः वापरत असतील, स्वयंरोजगार असेल, तर कायद्यानेच सूट आहे. स्टुडिओत दहा माणसं असती तर वाद झाला असता.

कृष्णाकाठ
मी आणि एक मदतनीस पोरगा, बाकी कोणी नाही. माळ्यावर चढलो. खोकं सापडलं!! आयातदार भिवंडीचा, नाव वेगळं आहे. सोमवारी दहाच्या ठोक्याला फोन करतो. आरतीताई, खरंच उपकार झाले.

ठोकळा
फोन करा, पण ड्राइव्ह देऊ नका. बदलून देतील ती दुसरी असेल, तुमची परत येणार नाही. वॉरंटीत ड्राइव्ह मिळते, डेटा नाही. उलट डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेत दिली तर ते उघडतील, सील तुटेल, मग आयातदार हात वर करेल. म्हणून आधी ठरवा, ड्राइव्ह हवी की लग्न.

आणि एक राहिलं. मेमरी कार्डांचं काय झालं?

कृष्णाकाठ
कार्डं फॉरमॅट करून पुढच्या लग्नाला वापरली.

ठोकळा
सगळी? मदतनिसाच्या कॅमेऱ्यातलीही?

कृष्णाकाठ (सोमवार, पहाटे १:१५)
त्याला झोपेतून उठवलं. त्याचं एक कार्ड फॉरमॅट केलंय, पण त्यावर नंतर फक्त एका बारशाचे फोटो घेतलेत. तो कानपिळीला माझ्या समोरच्या बाजूला उभा होता.

ठोकळा
त्या कार्डावर आता एकही फोटो काढू नका. कार्डावरचं कुलूप लावा, रीडरने संगणकाला जोडा, फोटोरेक (पुसलेल्या फाइली शोधून काढणारा प्रोग्रॅम) चालवा. फुकट आहे. मिळेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवा, त्याच कार्डावर नको.

मनीषा_डोंबिवली
काय झालं? जागी आहे.

कृष्णाकाठ (पहाटे ४:०५)
सहाशेच्या आसपास फाइली निघाल्या. बऱ्याच अर्ध्या करड्या आहेत. कानपिळीचे चार निघाले. नवरदेवाची पाठ आहे, भावाचा चेहरा पूर्ण आहे, हात कानावर. एकात डोळे भरलेले स्पष्ट दिसतात. माझा अँगल नाही, पण आहेत.

ड्राइव्ह प्रयोगशाळेतच देतोय, पक्कं केलं. आयातदाराला फोन करीनच, पण तो नाही म्हणाला तरी चालेल. नवरीच्या वडिलांना सकाळी मीच फोन करून खरं काय ते सांगतो.

जुनाखोड
पुण्यात द्याल की मुंबईत? मुंबईत असेल तर एक नाव माहीत आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.